मुक्कामाला जागा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ, क्वार्ट्झसाइट नावाचं एक गाव आहे. उन्हाळ्यात तिथला पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि गावात जेमतेम काही हजार माणसं उरतात. हिवाळा लागला की चित्र पालटतं. उत्तरेकडे बर्फ पडायला लागतो तशा गाड्या दक्षिणेकडे सरकू लागतात आणि जानेवारीपर्यंत गावाभोवतीच्या वाळवंटात नजर जाईल तिथवर चाकांवरची घरं दिसतात. बसएवढ्या आलिशान मोटारघरापासून मागची सीट काढून गादी टाकलेल्या जुनाट मोटारीपर्यंत सगळे प्रकार. गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर धातूचा उंट. तो हाजी अली नावाच्या उंटवाल्याचा आहे. वाळवंटातल्या वाहतुकीसाठी अमेरिकी लष्कराने १८५६च्या सुमारास उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर हा आला. तिथल्या लोकांनी त्याला ‘हाय जॉली’ करून टाकलं. उंटांचा प्रयोग फसला, पण हा माणूस परत गेला नाही. कधी मालवाहतूक, कधी खाणींचा शोध असं करत तो याच मुलखात फिरत राहिला आणि १९०२ साली इथेच वारला. त्याचं हे स्मारक १९३५ साली राज्याच्या महामार्ग खात्याने बांधलं.

या पुस्तकातली बरीच माणसं कधी ना कधी या वाळवंटात मुक्कामाला येऊन गेली आहेत. कुणी नोकरी सोडून रस्त्यावर आलं, कुणाला नोकरीनेच सोडलं. आपल्यापर्यंत गाडीत राहण्याचा हा विषय पोचला तो मुख्यतः फोटोंमधून. व्हॅनचं मागचं दार उघडं, आत पांढरी शुभ्र चादर, पलीकडे समुद्र, चादरीवर पहुडलेलं तरुण जोडपं. हे फोटो कुठून सुरू झाले तेही सांगता येतं. फॉस्टर हंटिंग्टन हा तरुण न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या एका बड्या कंपनीत डिझायनर होता. २०११ साली त्याने नोकरी सोडली, जुनी फोक्सवॅगन व्हॅन घेतली आणि भटकंतीच्या फोटोंना ‘व्हॅनलाइफ’ हा हॅशटॅग लावायला सुरुवात केली. पुढे त्याने स्वतः वॉशिंग्टन राज्यात झाडावर घर बांधलं. हॅशटॅग मात्र मागे राहिला आणि त्याखाली आजवर कोटीहून अधिक फोटो जमा झाले.

रस्त्यावर निघण्याची हौस अमेरिकेत त्याहून कितीतरी जुनी आहे. जॉन स्टाइनबेक १९६० साली पिकअप ट्रकवर खोली बसवून, सोबत चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देश पाहायला निघाला, तेव्हा तो नामवंत आणि सुस्थितीतला लेखक होता. विल्यम लीस्ट हीट-मून १९७८ साली निघाला तो कॉलेजातली शिकवण्याची नोकरी गेल्यावर आणि संसार विस्कटल्यावर. फोर्ड व्हॅनमधून आडवाटांनी तो साधारण १३,००० मैल फिरला आणि त्यातून ‘ब्लू हायवेज’ हे पुस्तक झालं. दोघांचीही पुस्तकं मला प्रिय आहेत. पण दोघेही फेरी पूर्ण करून परतले. पुढच्या पानांत भेटणारी माणसं परतत नाहीत, कारण परतायला घरच उरलेलं नाही. त्यांच्या आयुष्याकडे प्रवासवर्णन म्हणून पाहिलं तर त्यातलं निम्मं हातातून निसटेल.

ही मोठी लाट आली २००८ नंतर. घरांच्या कर्जांचा फुगा फुटला, लाखो कुटुंबांची घरं बँकांनी ताब्यात घेतली आणि पन्नाशी-साठीच्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. या वयात दुसरी नोकरी कोण देतो? म्हातारपणाची सोय म्हणून साठवलेला पैसाही शेअर बाजाराबरोबर खाली आला होता. अमेरिकेत कंपनीने आयुष्यभर पेन्शन द्यायची पद्धत १९७८च्या करकायद्यानंतर हळूहळू मागे पडली होती. त्या जागी ज्याने त्याने आपापल्या खात्यात बचत करून ती बाजारात गुंतवायची, अशी व्यवस्था आली. उरलं सरकारचं सोशल सिक्युरिटी. पण ती रक्कम आयुष्यभरातल्या कमाईवर ठरते. ज्यांनी मुलं वाढवायला नोकऱ्या मध्येच सोडल्या किंवा कमी पगाराची कामं केली, त्या बायकांच्या हाती फारच थोडं येतं. संघराज्याचा किमान वेतनाचा दर २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलेला, घरभाडी मात्र थांबलेली नाहीत.

नेवाडातलं एम्पायर हे गाव जिप्समच्या कारखान्यासाठी वसवलेलं. २०११च्या जानेवारीअखेर कारखाना बंद पडला. कामगारांची घरं कंपनीची होती, त्यामुळे नोकरीबरोबर घरंही गेली आणि पाठोपाठ टपाल खात्याने गावाचा पिनकोडही बंद केला. जेसिका ब्रूडरच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात हे गाव येतं आणि क्लोई झाओच्या त्याच नावाच्या चित्रपटाची सुरुवातही तिथूनच होते. ब्रूडर पत्रकार. तिने २०१४ साली हार्पर्स मासिकात या माणसांवर लेख लिहिला, मग स्वतः व्हॅन घेऊन त्यांच्यात राहिली आणि २०१७ साली पुस्तक काढलं. चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ब्रूडरच्या पुस्तकाची नायिका लिंडा मे ही साठीतली आजी. तिने ट्रक चालवला, हॉटेलात वाढपीण म्हणून काम केलं, विमा कंपनीत नोकरी केली, बांधकामांची तपासणी केली. एवढं करून हाती आलं महिन्याला साधारण पाचशे डॉलरचं सोशल सिक्युरिटी. लेकीच्या भाड्याच्या, भरगच्च घरात ती सोफ्यावर झोपायची. शेवटी तिने चाकांवर राहायचं ठरवलं. जीपमागे ओढायच्या तिच्या चिमुकल्या ट्रेलरची लांबी दहा फूट.

हे ठरवण्याचं बळ तिला आणि तिच्यासारख्या असंख्य जणांना ज्याच्यामुळे मिळालं, तो बॉब वेल्स. अलास्कातल्या अँकरेजमध्ये तो किराणा दुकानाच्या साखळीत कामाला होता. १९९५ साली घटस्फोट झाला, पगारातला मोठा वाटा पोटगीत जायला लागला आणि राहिलेल्या पैशांत भाडं भागेना. एक जुनी पेटीसारखी मालवाहू व्हॅन घेऊन तो तिच्यात राहायला गेला. पहिल्या रात्री रडत झोपलो, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं आहे. मग तो सरावला, मग त्याला ते आवडायला लागलं आणि २००५ साली त्याने आपल्याला कळलेलं सगळं इंटरनेटवर मांडायला सुरुवात केली. गाडीत पलंग कसा ठोकायचा, छपरावरच्या सौर पॅनलला कोणती बॅटरी लावायची, पाच गॅलनच्या बादलीचं शौचकूप कसं करायचं. २०१०-११च्या हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटजवळ त्याने पहिला मेळावा भरवला. काही डझन गाड्या आल्या होत्या. दशक संपेपर्यंत हजारो माणसं यायला लागली. मला वेल्सबद्दल मनापासून आदर वाटतो. अडचणीतल्या माणसाला त्याने उपदेश केला नाही, हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.

इथे मला जे सांगायचं आहे ते सांगतो. अशा आयुष्याचं वर्णन करताना सगळे जाण्याबद्दल बोलतात: किती मैल, कोणते डोंगर, कोणते घाट. प्रत्यक्षात ज्याची चिंता रोज करावी लागते ती थांबण्याची. गाडी पेट्रोलवर चालते, ते कुणालाही विकत मिळतं. रात्री गाडी उभी करायला जमीन लागते आणि जमीन नेहमी कुणाची तरी असते. आज रात्री कुठे, कुणाच्या परवानगीने आणि कशाच्या बदल्यात, हा प्रश्न या पुस्तकातल्या प्रत्येकाला विचारून पाहावा. त्याच्या उत्तरावरून त्याचं अख्खं आयुष्य कळतं.

क्वार्ट्झसाइटला माणसं लोटतात ती या उत्तरासाठीच. अमेरिकेच्या पश्चिम भागातली प्रचंड जमीन संघराज्य सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे आहे. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर कुणीही १४ दिवस फुकट राहू शकतं. मग गाडी हलवून बरंच लांब जायचं. गावालगत ला पोसा नावाचा मोठा पट्टा आहे, तिथे १९८३ पासून हंगामी मुक्कामाची सोय आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहायचं शुल्क बरीच वर्षं १८० डॉलर होतं. महिन्याला पंचवीस-सव्वीस डॉलर! अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात एवढ्या पैशांत एक रात्रदेखील निघत नाही. हे वाळवंट माणसांना सुंदर वाटतं यात शंका नाही, पण ते सुंदर दिसायला मन जागेवर लागतं आणि इथे कुणी उठवायला येणार नाही या खात्रीने ते जागेवर येतं.

शहरात ती खात्री नसते. शहरातली रात्र कशी काढायची याचं एक शास्त्रच या लोकांनी तयार केलं आहे. व्हॅन शक्यतो पांढरी, सुताराची किंवा प्लंबरची वाटावी अशी. खिडक्यांच्या मापाचे चकाकत्या इन्सुलेशनचे तुकडे कापायचे, बाहेरच्या अंगाला काळं कापड चिकटवायचं, म्हणजे आतला दिवा दिसत नाही. स्वयंपाक, दात घासणं, भांडी, सगळं दुसऱ्या गल्लीत उरकून घ्यायचं. अंधार पडल्यावर झोपायच्या जागी यायचं, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून उभी करायची आणि पुढच्या सीटवरून सरपटत मागे जायचं. दार उघडायचं नाही, कारण दाराचा आवाज झाला की शेजारच्या घरातला पडदा हलतो. सकाळी उजाडायच्या आत निघायचं. आंघोळीसाठी जिमचं सभासदत्व घेतलेलं असतं. एवढं करूनही मध्यरात्री काचेवर पोलिसाची टकटक होतेच, आणि या मंडळींना विचारलं तर भूक, थंडी, एकटेपणा या सगळ्यांच्या आधी ते या टकटकीचं नाव घेतात. लॉस एंजेलिसमध्ये गाडीत राहण्यावर १९८३ पासून बंदी होती. कायद्याची भाषा संदिग्ध आहे म्हणून २०१४ साली अपील न्यायालयाने ती उडवली. पण २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की सार्वजनिक जागेत मुक्काम करणाऱ्यांना दंड करायला शहरं मोकळी आहेत, मग त्यांना जायला दुसरी जागा असो वा नसो. त्यानंतर अनेक शहरांनी नियम आवळले. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

शहर नाही, वाळवंटही बारा महिने नाही. उरलेल्या दिवसांची जागा देतो तो मालक. वनखात्याच्या कॅम्पग्राउंडवर उन्हाळ्यात ‘होस्ट’ लागतात. संडास धुवायचे, शेकोट्या विझल्यात की नाही पाहायचं, शुल्क गोळा करायचं, बदल्यात थोडी मजुरी आणि गाडी उभी करायला झाडाखाली जागा. ॲमेझॉनने २००८ पासून नाताळच्या हंगामासाठी अशीच माणसं घेतली. दहा-दहा तास गोदामात चालायचं, कॅम्पग्राउंडचं भाडं कंपनी भरायची. तो कार्यक्रम आता बंद झाला आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने थांबून पाहावं असं काम वेगळंच आहे. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात बीटपासून साखर होते. तिथली मोठी साखर कंपनी १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीची आहे. प्रवरानगर ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचून बरं वाटेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी सुरू होते आणि चाकांवरची माणसं तिथे गोळा होतात. बारा तासांची पाळी, दिवसाची किंवा रात्रीची. बीटने भरलेले ट्रक एकामागोमाग येत राहतात. हाताच्या खुणांनी ते यंत्रावर घ्यायचे, सांडलेलं बीट फावड्याने ओढायचं, साखरेचं आणि मातीचं प्रमाण तपासायला नमुन्याची पिशवी भरून द्यायची. यंत्राच्या लांब पट्ट्यावरून बीट वर चढत जातं आणि तीस फूट उंचीचे, लांबच लांब ढीग लागतात. मजा अशी की ऊन चढलं तर काम थांबवतात. गरम बीट ढिगात कुजतं. थंडीत ते गोठून टिकतं आणि कारखाना पुढे वसंतापर्यंत चालतो. साठी-सत्तरीतल्या बायका कपड्यांवर कपडे चढवून, रात्री दोन वाजता त्या चिखलात उभ्या असतात. काम करणाऱ्याला गाडीसाठी वीज-पाण्याची जागा फुकट. हंगाम संपला की जागा संपली.

हे वाचताना बीडचा ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, कारखान्याच्या आवारातल्या किंवा उसाच्या फडाशेजारच्या कोपीत पाच-सहा महिने संसार. दोघांना एका पारड्यात टाकायची माझी इच्छा नाही. रेड नदीकाठच्या आजीला तासाप्रमाणे मजुरी मिळते, जादा वेळेची वेगळी मिळते, डोक्यावर उचल नसते आणि नको वाटलं तर ती किल्ली फिरवून निघून जाऊ शकते. ऊसतोड कामगाराला ती मुभा नाही. पण मुक्कामाची जागा मालकाच्या हातात असली की मजूर किती वाकतो, हे दोन्हीकडे दिसतं.

स्टाइनबेकला हे १९३६ सालीच दिसलं होतं. दुष्काळाने आणि मंदीने उठवलेली शेतकरी कुटुंबं तेव्हा मोडक्या मोटारी घेऊन कॅलिफोर्नियात हिंडत होती आणि मळेवाल्यांच्या आवारात राहिलं की तोंड उघडायची सोय नव्हती. अर्विन गावाजवळ संघराज्य सरकारने छावणी उभारली, गरम पाण्याच्या मोऱ्या, संडास आणि रहिवाशांनी स्वतः निवडलेली समिती असलेली. टॉम कॉलिन्स तिचा व्यवस्थापक होता. स्टाइनबेक तिथे जाऊन राहिला, ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ मधली सरकारी छावणी त्यातून आली आणि त्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत टॉमचं नाव आहे. मालकाच्या नव्हे अशा जमिनीवर झोपायला मिळालं की माणूस ताठ कसा होतो, हे त्या कादंबरीत जितकं दिसतं तितकं मी अन्यत्र वाचलेलं नाही.

मुक्कामाचा आणखी एक अर्थ कागदावरचा. गाडीचा परवाना, विमा, बँक, मतदान, सगळीकडे पत्ता विचारतात. केय आणि जो पीटरसन या फिरत्या जोडप्याने १९७८ साली ‘एस्केपीज’ नावाचा क्लब काढला. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन इथे त्यांचं टपाल केंद्र आहे आणि हजारो सभासदांचा कागदोपत्री पत्ता तोच. साउथ डकोटा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवली की वाहन परवाना मिळतो, म्हणून तिथेही कागदावरचे रहिवासी पुष्कळ. ज्या गावात राहत नाही त्या गावाचा नागरिक असणं ही गंमत वाटेल, पण पत्ता नसलेल्या माणसाला कुठलीच व्यवस्था ओळखत नाही.

आणि असं रस्त्यावर राहण्याची मुभाही सगळ्यांना सारखी नाही. ब्रूडरने नोंदवलं आहे की तिला भेटलेले बहुतेक सगळे गोरे होते. अंधाऱ्या गल्लीत गाडीत झोपलेला काळा माणूस पोलिसाला सापडला तर काय होऊ शकतं, हे अमेरिकेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मुलामुलींचंही पाहा. एच-वन-बी व्हिसावरच्या इंजिनिअरला नोकरी गेल्यावर नवी नोकरी मिळवायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. पगार भरपूर असेल, गाडी असेल, योसेमिटीचे फोटो असतील. नोकरी सोडून वर्षभर फिरून येतो असं मात्र त्याला म्हणता येत नाही. रस्ता त्याच्यासाठी ग्रीनकार्डाच्या पलीकडे सुरू होतो.

महाराष्ट्राला तर फिरस्त्यांकडे पाहण्याचा मोठा आणि कडवट इतिहास आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. हजेरी, परवाने, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा रद्द झाला. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब आहे, पाल कुठे टाकायचं, कुणाला विचारून टाकायचं आणि कुणी कधी हुसकून लावायचं, यावर त्या कुटुंबाचा जीव टांगलेला असतो. आज आपल्याकडेही चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडून व्हॅनमध्ये राहणारी तरुण मंडळी दिसायला लागली आहेत, त्यांच्या मुलाखती होतात, कौतुक होतं. ते कौतुक मला खुपत नाही. त्याच महामार्गाच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या कुटुंबाला जातीचा दाखला आणि रेशनकार्ड मिळवायला पिढ्या लागतात, हे मात्र खुपतं आणि या पुस्तकाच्या वाचकालाही ते खुपावं असं मला वाटतं.

फिरणाऱ्या माणसाला म्हातारपणाचं काय, असं आपल्याकडे पहिल्यांदा विचारतील. प्रश्न रास्त आहे. नजर अधू झाली, हात थरथरायला लागले की गाडी चालवता येत नाही आणि गाडी हेच घर असेल तर मग काय करायचं? यावर एस्केपीजच्या माणसांनी काढलेला मार्ग मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. लिव्हिंगस्टनलाच त्यांनी एक केंद्र उभारलं आहे. थकलेला सभासद आपलं मोटारघर घेऊन तिथे येतो, ते ठरलेल्या जागेवर उभं करतो आणि आपल्याच गाडीत, आपल्याच पलंगावर राहतो. तिन्ही वेळचं जेवण मध्यवर्ती इमारतीत असतं, कपडे धुवून मिळतात, साफसफाई होते, डॉक्टरकडे न्यायला माणूस असतो. स्वयंसेवकही सभासदांमधलेच, त्यांच्या गाड्या कुंपणाच्या आत दुसऱ्या बाजूला लागलेल्या असतात. जागा मोजक्या आहेत. त्या वाढायला हव्यात, आणि त्या वाढवायला पैसा कुठून आणायचा हे अजून कुणी नीट सोडवलेलं नाही.